माझं नाव केविन, आणि जर्मनीत लोक हसतात. हे नाव आलं कुठून?

गासकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझं नाव केविन. गाव वसई तालुक्यात, घरात सामवेदी ही बोली बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. आडनाव पोर्तुगीजांच्या काळातलं. ते सांगत नाही, कारण आमच्याकडे चौकात उभं राहून त्या आडनावाने हाक मारली तर अर्धा बाजार मागे वळेल. आजोबांचं नाव इनास, पणजोबा पास्कू. वडिलांच्या पिढीत सायमन, फ्रान्सिस. आणि आमच्या पिढीत एकदम केविन, ब्रायन, ग्लेन, फियोना. त्याच वेळी शेजारच्या ख्रिस्ती घरांत संजय, सुनील, अनुपमाही जन्मत होते, म्हणजे नावांच्या बाबतीत तेव्हा वाऱ्याला दिशा नव्हती.

सध्या नोकरीसाठी श्टुटगार्टला आहे. इथे कुणाला नाव सांगितलं की समोरचा ओठ दाबून हसतो. आधी वाटलं माझा उच्चार चुकतोय. मग एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन समजावलं की जर्मनीत केविन हे नाव विनोदाचा विषय आहे, आणि त्यासाठी 'केविनिस्मुस' असा खास शब्दसुद्धा आहे. तो म्हणाला, तू भारतीय आहेस म्हणून सुटलास.

तर प्रश्न असा, की हे नाव मुळात कुठलं, वसईपर्यंत कसं पोचलं आणि जर्मनांचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

नाना_सातारकर
पहिला मी. बसायला जागा पकडून ठेवतो, धागा चालणार असं दिसतंय.

डब्लिनची_दुर्गा
गासकर, स्वागत. मी डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे नावाच्या माहेरची बाजू मी मांडते.

नाव अस्सल आयरिश. आजचं आयरिश रूप साधारण 'कीवीन' असं ऐकू येतं, दक्षिणेकडे मन्स्टरमध्ये 'क्वीवीन'. लिहिताना मात्र सी-ए-ओ-आय-एम-एच-आय-एन अशी मालगाडी. त्यातल्या एम-एचचा उच्चार 'व'. हे एकदा कळलं की इथली निम्मी नावं वाचता येतात. मी आले तेव्हा ऑफिसातल्या एका मुलीला महिनाभर 'निआम्ह' म्हणत होते, ती 'नीव' निघाली.

जुन्या आयरिशमध्ये हे नाव 'कोइव्गेन'सारखं होतं. पहिला भाग म्हणजे लाडका, देखणा, सौम्य. दुसरा म्हणजे जन्म. आपल्याकडे 'सुजात' आहे ना, तेच समजा. याच पहिल्या भागापासून मुलींचं 'कीवा' हे नाव झालंय आणि ते आजही इथे खूप आवडीचं आहे.

नाव टिकलं ते एका संतामुळे. सहाव्या शतकात डब्लिनच्या दक्षिणेला विक्लोच्या डोंगरात ग्लेंडलॉक नावाच्या दरीत या केविनने मठ स्थापला. ग्लेंडलॉक म्हणजे दोन तळ्यांची दरी. तिथला गोल दगडी मनोरा सुमारे ३० मीटर उंच आहे, बाजूला छोटी देवळं, थडगी, आणि वरच्या तळ्याच्या कड्यात एक कपार, तिला 'केविनचा बिछाना' म्हणतात. माणूस एकांतप्रिय होता, पण त्याच्या मागे लोक येत गेले आणि मठाचं मोठं विद्याकेंद्र झालं. १३९८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने ते उद्ध्वस्त केलं. संत वारला ६१८च्या सुमारास. भाविक म्हणतात १२० वर्षं जगला. त्याचा सण ३ जूनला असतो. रोमकडून त्याच्या पूजेला अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९०३ साल उजाडलं.

गोष्टी तर किती! एकदा हात पसरून प्रार्थना करत असताना तळहातावर काळा पक्षी येऊन बसला, त्याने घरटं केलं, अंडी घातली. पिल्लं उडून जाईपर्यंत केविनने हात हलवला नाही. बाराव्या शतकात आयर्लंडला आलेल्या एका वेल्श धर्मगुरूने ही कथा लिहून ठेवली आहे. दुसरी गोष्ट राजाच्या म्हाताऱ्या पाळीव हंसिणीची. केविन म्हणाला, मी तिला पुन्हा उडवतो, पण ती जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी माझी. राजाला वाटलं, ही उडून उडून किती उडणार.

नाना_सातारकर
वामनाचं तिसरं पाऊल!! बळीराजाने हंसीण पाळली नव्हती एवढाच फरक.

अरण्यक
पक्ष्याची गोष्ट वाचून चमकलो. महाभारतात शांतिपर्वात जाजली ऋषी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटेत पाखरांच्या जोडीने घरटं केलं, अंडी घातली. पिल्लं मोठी होऊन कायमची उडून गेली तेव्हाच तो हलला. पुढे मात्र फरक पडतो. जाजलीला त्याचा गर्व होतो, 'मी धर्म मिळवला' असं तो ओरडतो, आणि आकाशवाणी त्याला काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे पाठवते. तो तराजू धरणारा माणूस त्याला धर्म शिकवतो. मला आपली गोष्ट जास्त आवडते, कारण तिथे चमत्कारावर गोष्ट संपत नाही.

शब्दकीडा
दुर्गाताईंनी सांगितलेल्या 'गेन'बद्दल थोडं. जुन्या आयरिशमधला हा 'जन्म' आणि संस्कृतातला 'जन्मन्' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत, याबद्दल भाषाशास्त्रात वाद नाही. पहिल्या भागाचं मूळ अनेकजण 'शिव' (मंगल, प्रिय) याच्या धातूशी जोडतात.

नाना_सातारकर
म्हणजे केविन = शिवजन्मा! गासकर, उद्या ऑफिसात हेच सांगा. आज पु. ना. ओक हवे होते. व्हॅटिकनची त्यांनी वाटिका केलीच होती, आयर्लंडचं 'आर्यलंड'ही हातासरशी उरकलं असतं.

शब्दकीडा
नाना, म्हणूनच 'वंशज' म्हटलं. चुलतभावांचा आजोबा एक असतो म्हणून एक चुलतभाऊ दुसऱ्याचा बाप होत नाही. संस्कृतातून आयरिश निघाली नाही आणि आयरिशमधून संस्कृतही नाही. 'आर्यलंड' कृपया नको, 'आयर्लंड'मधला 'आयर' हा 'एरिऊ' या देवीच्या नावावरून आलाय.

पणजीकार
वसई-गोव्याची बाजू मी घेतो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण बाप्तिस्म्याची नावं पोर्तुगीजच राहिली. इनास, पास्कू, दुमिंग, जुझे, ही सगळी त्या नावांची आपल्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली रूपं. गोव्यात तर १९६१ पर्यंत राज्यच त्यांचं होतं, तिथे कायतान, मिंगेल. इंग्रजी शाळा आणि मुंबईची नोकरी घरात आली तशी नावंही बदलत गेली. वांद्रे, माझगाव, म्हापसा, मडगाव, सगळीकडे केविन, ब्रायन, केनेथ, डेस्मंड, मॉरीन, आयलीन दिसू लागले. आम्हाला वाटायचं ही 'इंग्लिश' नावं. प्रत्यक्षात यातलं एकही मुळात इंग्रजांचं नाही, सगळी आयरिश किंवा स्कॉटिश गेलिकमधून इंग्रजीत शिरलेली. डेस्मंड तर माणसाचं नावसुद्धा नव्हतं, तो दक्षिण मन्स्टर हा प्रदेश. आपल्याकडे मुलाचं नाव 'दक्षिण कोकण' ठेवण्यासारखं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या धर्मकायद्यात बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नावच हवं असा आग्रह होता. फादर विचारायचे, हा कोणता संत? केविनच्या बाबतीत उत्तर तयार होतं. नवं नाव पण जुना संत, म्हणजे आईला फॅशन मिळाली आणि फादरांना हरकत घ्यायला जागा उरली नाही. १९८३च्या नव्या धर्मसंहितेने नियम सैल केला, नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसलं की पुरे. म्हणून संजय, अनुपमाही चालले.

मीनल_ल्यों
पणजीकारांचा संताचा मुद्दा वाचून लिहायला बसले, कारण फ्रान्समध्ये हुबेहूब तेच झालं!

इथे १८०३ पासून कायदा होता की मुलाचं नाव दिनदर्शिकेतल्या संतांचं किंवा प्राचीन इतिहासातलं असावं. नंतर तो बराच सैल झाला तरी १९९३च्या जानेवारीपर्यंत नोंदणी कारकुनाच्या हातात नकाराचा अधिकार होता. फ्रेंच दिनदर्शिकेत ३ जूनला संत केविन छापलेला आहे. कारकून काय बोलणार?

१९८९ च्या सुमारास केविन फ्रान्समधलं मुलांचं सगळ्यांत लोकप्रिय नाव झालं आणि काही वर्षं ते वरच राहिलं. एकट्या १९९१ मध्ये १३ हजारांहून जास्त केविन जन्मले. लोक याचं खापर 'होम अलोन'वर फोडतात, त्यातल्या एकट्या राहिलेल्या पोराचं नाव केविन म्हणून. पण तो चित्रपट अमेरिकेत आला १९९०च्या नोव्हेंबरात. इथे नाव त्याआधीच पहिल्या नंबरावर होतं. चित्रपट लाटेवर चढला, लाट त्याने आणली नाही.

खरी गंमत लाट कुणाच्या अंगणात उठली यात आहे. फ्रान्समध्ये नावं पूर्वी वरून खाली झिरपायची. पॅरिसचे डॉक्टर-वकील एखादं नाव ठेवायचे, दहा-पंधरा वर्षांनी ते कामगार वस्तीत पोचायचं, तोवर वरच्यांनी ते सोडलेलं असायचं. केविनने ही उतरंड मोडली. कामगार, छोटे नोकरदार यांनी टीव्हीवरच्या अमेरिकन मालिकांमधून नाव थेट उचललं, वरच्या वर्गाची परवानगी न घेता. वरच्यांनी ते कधी ठेवलंच नाही, हसले मात्र लगेच. बाप्तिस्त कुलमाँ नावाचे समाजशास्त्रज्ञ दरवर्षी बारावीच्या परीक्षेत कोणत्या नावाच्या किती मुलांना सर्वोच्च श्रेणी मिळाली याचा तक्ता काढायचे. केविन खाली असायचे. त्याचा अर्थ नाव मठ्ठ असा होत नाही. ज्या घरात पुस्तकं आणि शिकवण्या कमी, त्या घरांनी ते नाव जास्त ठेवलं, एवढंच. पण हे एवढं कोण समजून घेतो? २०२२ मध्ये संसदेत पहिल्यांदा दोन केविन निवडून आले, दोघंही एकाच पक्षाचे, अतिउजव्या. वर्तमानपत्रांना आठवडाभराचं खाद्य मिळालं.

अमृता_हॅम्बुर्ग
जर्मनीचं मी सांगते, आणि सुरुवात माझ्याच गावापासून. १९७७ मध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू केविन कीगन हॅम्बुर्गच्या क्लबात आला. १९७८ आणि १९७९, दोन्ही वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. इथे त्याने गाणं म्हटलं तेही गाजलं. त्याच्यामुळे जर्मन कानांना नाव ओळखीचं झालं. पुढे १९९१ च्या सुरुवातीला दोन चित्रपट आले, एकात नायक केविन कॉस्टनर, आणि दुसरा 'होम अलोन'. जर्मनीत त्याच्या शीर्षकातच केविन घातला होता, 'केविन एकटाच घरी' अशा अर्थाचं. त्याच वर्षी नाव पहिल्या नंबरावर. मीनलताईंचा मुद्दा मान्य, पण इथे चित्रपटाने नुसती लाट पकडली असं मी म्हणणार नाही, शीर्षकाने जोर नक्कीच लावला.

पूर्व जर्मनीचाही संदर्भ आहे. बर्लिनची भिंत उभी असताना तिकडे मँडी, रॉनी, पेगी, सिंडी अशी नावं ठेवण्याची हौस होती. परदेश बघता येत नव्हता, निदान नावात तरी. भिंत पडल्यावर पश्चिमेकडच्यांनी त्या नावांना 'पूर्वेकडचे' असा शिक्का मारला, आणि केविनचा शिक्काही त्याच डब्यातल्या शाईचा.

२००९ मध्ये ओल्डनबर्ग विद्यापीठात एका संशोधनात प्राथमिक शिक्षकांना मुलांच्या नावांवरून काय वाटतं ते विचारलं होतं. माक्सिमिलियान, शार्लोट, याकोब म्हणजे हुशार आणि गुणी. केविन, शांताल, जस्टिन म्हणजे मागे पडणारे, उपद्रवी. एका शिक्षकाने उत्तरात लिहिलं, 'केविन हे नाव नाही, ते निदान आहे.' ते वाक्य देशभर झालं. दुर्दैव असं की संशोधन शिक्षकांच्या पूर्वग्रहाबद्दल होतं, आणि लोकांनी ते पोरांच्या थट्टेसाठी वापरलं.

बाकी १९९० च्या आसपास जन्मलेले ते केविन आता तिशी ओलांडून गेलेत. केविन क्यूनर्ट २०२१ मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस झाला. शेजारी बेल्जियमचा फुटबॉलपटू केविन डी ब्रॉयना १९९१ चा. त्याच्या पासवर कुणी हसत नाही.

कोरा_कागद
हा धागा वाचून एक विचार येतो. जर्मनीत पहिल्या नावावरून शिक्षक पोराची पायरी ठरवतात हे वाचून आपण चकित होतोय, पण आपल्याकडे हेच काम आडनाव करतं. पुण्यात भाड्याने जागा बघताना 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न का विचारतात ते इथे कुणाला सांगायला नको. पहिल्या नावावरही होतंच. दगडू, धोंडू ही नावं मूल जगावं म्हणून ठेवलेली, त्यात आईबापांचा जीव अडकलेला. आणि शहरी नाटक-सिनेमात ती विनोदी नोकराला चिकटवली गेली. दगडूवर हसणारा माणूस केविनवर हसणाऱ्या जर्मनाइतकाच अडाणी आहे.

नाना_सातारकर
कोरा_कागद, +१. विनोद सोडून पूर्ण सहमत.

लेगब्रेक
केविनचा धागा आणि अजून क्रिकेट नाही? २ मार्च २०११, बंगळुरूचं चिन्नास्वामी. इंग्लंड ३२७. आयर्लंड ५ बाद १११. आणि गुलाबी रंगवलेल्या केसांचा केविन ओब्रायन. ५० चेंडूंत शतक, तेव्हा विश्वचषकातलं सर्वांत वेगवान. शेवटी ६३ चेंडूंत ११३. आयर्लंड तीन गडी राखून जिंकलं. त्याचा विक्रम मोडायला २०२३ उजाडलं, दिल्लीत मार्करमने ४९ चेंडूंत. आयर्लंडचं पहिलं कसोटी शतकसुद्धा याच केविनचं, २०१८, पाकिस्तानविरुद्ध.

दुसरा केविन पीटरसन. २०१२ मध्ये वानखेडेवर फिरत्या खेळपट्टीवर १८६. आपले फिरकीवाले अजून विसरले नसतील. गासकर, कुणी हसलं तर हे आकडे तोंडावर फेका.

गासकर
लेगब्रेक, जर्मनांच्या तोंडावर क्रिकेटचे आकडे फेकून काय होणार, त्यांना ओव्हर म्हणजे काय तेही सांगावं लागेल :)

सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारायचं होतं. नोकरी बदलायची आहे, अर्जात नाव पूर्ण लिहावं की नुसतं 'के.'?

अमृता_हॅम्बुर्ग
पूर्ण लिहा. सोबत आडनाव पोर्तुगीज आणि पदवी मुंबई विद्यापीठाची दिसली की वाचणारा 'हा आपला १९९१ वाला केविन नव्हे' हे ओळखतो. शिक्का इथल्या एका वर्गावर आहे, अक्षरांवर नाही. अन्याय आहेच, पण तुमच्या वाट्याला त्यातलं फक्त हसू येतंय. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका केविनच्या वाट्याला त्याहून बरंच काही आलं.

डब्लिनची_दुर्गा
क्रिकेटवरून आठवलं, आयर्लंडमध्ये केविन म्हटल्यावर जुन्या माणसांना आधी केविन बॅरी आठवतो. वैद्यकीचा विद्यार्थी, वय १८. इंग्रज सैनिकांवरच्या हल्ल्यात पकडला गेला आणि १ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात त्याला फाशी दिलं. आपल्या नाशिकचा अनंत कान्हेरे फासावर गेला तेव्हा तोही १८ चाच होता. आणि योगायोग बघा, बॅरीच्या फाशीनंतर दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, भारतात दगशाईला जेम्स डेली या आयरिश सैनिकाला गोळ्या घातल्या. जालंधरला इंग्रजी फौजेतल्या कॅनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी, मायदेशातल्या इंग्रजी अत्याचारांच्या निषेधार्थ, बंड केलं होतं, त्या बंडाचं लोण सोलनपर्यंत नेणाऱ्यांत तो होता. त्याचे अवशेष १९७० मध्ये आयर्लंडला आणले.

त्यामुळे इथे या नावावर कुणी हसत नाही. १९७०-८० मध्ये जन्मलेले केविन इथे पायलीला पन्नास आहेत. नवी पोरं मात्र जॅक, किलियन, रिआन.

सई_कॉर्क
दुर्गाताई, जरा मदत हवी. आम्ही कॉर्कला असतो, मुलगी अपेक्षित आहे असं समजा (इथे सांगतात आधी). 'कीवा' नाव फार आवडलंय. पण आयरिश पद्धतीने लिहिलं तर सोलापूरला सासूबाई काय वाचतील?

डब्लिनची_दुर्गा
अभिनंदन गं! आयरिश स्पेलिंगमध्ये लिहिलंस तर सोलापूरच्या बँकेत ते 'काओइम्हे' होणार हे नक्की. दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर तारा बघ. इथे मीथ परगण्यात ताराची टेकडी आहे, आयरिश राजांचं जुनं पीठ, आणि आपल्याकडे तर ती आकाशातच आहे. मुलगा असता तर नील सुचवलं असतं. आयरिश 'नीअल' वेगळ्या मुळाचा, आपला नील वेगळा, पण ऐकायला एकच. शीला पण तसंच. इथली शीला म्हणजे 'सिसिलिया'चं आयरिश रूप.

नाना_सातारकर
माझ्या पुतणीने मुलीचं नाव कियारा ठेवलंय. कुठल्या तरी संकेतस्थळावर अर्थ वाचला, 'संस्कृत: तेजस्वी किरण'. हे खरं का शब्दकीडा?

शब्दकीडा
संस्कृतात असा शब्द नाही. दोन उगम सांगता येतात. इटालियन 'कियारा' लॅटिन 'क्लारा'वरून, म्हणजे उजळ, स्वच्छ. आयरिश 'कीरा' हे 'कीर' या शब्दावरून, म्हणजे काळसर.

नाना_सातारकर
म्हणजे एकच पोरगी रोमला उतरली की उजळ आणि डब्लिनला उतरली की श्यामा?

डब्लिनची_दुर्गा
हो. आणि डब्लिनला उतरल्यावर सी-आय-ए-आर-ए लिहायचं, के नाही. पुतणीला हे सांगू नका, बारसं होऊन गेलंय.